रक्ताचा रिपोर्ट, बाळाचं वय आणि आईबाबांच्या ट्यूब

जूनच्या अंकात, १९ जूनच्या जागतिक सिकलसेल दिनाच्या निमित्ताने (सिकलसेल म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार), मी चार ओळी लिहिल्या होत्या की लहान मुलाला सारखं रक्त कमी होत असेल तर नुसता हिमोग्लोबिनचा आकडा बघून थांबू नका, अंगातलं हिमोग्लोबिन कुठल्या प्रकारचं आहे तेही एकदा तपासा. त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं विदर्भातल्या एका लॅबमध्ये हेच काम करतेय, त्यामुळे उत्तरं लॅबच्या बाजूने येतील, औषधाचं तुमच्या मुलांच्या डॉक्टरांशीच बोला. पत्रांतली नावं काढून टाकली आहेत.

प्रश्न : मॅडम, आम्ही उल्हासनगरला राहतो. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, हिमोग्लोबिन ९.८. पाच महिने झाले आयर्नचं सिरप चालू आहे, एक दिवस चुकवत नाही, शी काळी होते म्हणजे पोटात जातंय नक्की, पण हिमोग्लोबिन काही वर चढत नाही. आता डॉक्टर म्हणतात थॅलेसेमिया मायनर असू शकतो, एचपीएलसी करून घ्या. सासूबाई म्हणतात आमच्या घरात कोणाला असलं काही नाही. थॅलेसेमिया म्हणजे दर महिन्याला रक्त चढवावं लागतं ना? रिपोर्टचा फोटो पाठवलाय. मला रात्र रात्र झोप नाही.

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते म्हणजे आज रात्री झोपाल. थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन नीट तयार न होण्याचा आनुवंशिक दोष, आणि दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं ते थॅलेसेमिया मेजरला, म्हणजे दोष दोन्ही पालकांकडून आला तर. ती मुलं बहुतेक वेळा वर्षाच्या आतच पांढरीफटक पडतात, पोट मोठं दिसायला लागतं, वजन वाढत नाही. तुमचा मुलगा अडीच वर्षांचा होऊन, एकदाही रक्त न चढवता ९.८ वर टिकून आहे आणि तुम्ही लिहिलंय की दिवसभर घरभर पळतो, हे मेजरचं चित्र नाही. मायनर म्हणजे वाहक, दोष एकाच पालकाकडून आलेला, तो आजारी नसतो.

आता फोटोतला रिपोर्ट. सगळे जण हिमोग्लोबिनची पहिली ओळ वाचतात आणि कागद घडी करून ठेवतात, पण खरी गोष्ट त्याच्या खालच्या तीन ओळींत आहे. लाल पेशींची संख्या ५६ लाख, एमसीव्ही म्हणजे पेशीचा आकार ५८, आणि आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारात आपसात किती फरक आहे ते, १५.५. अडीच वर्षांच्या मुलाचा एमसीव्ही साधारण ७२ च्या वर हवा (दहा वर्षांपर्यंत ७० मध्ये वय मिळवायचं, हा आमचा तोंडी हिशोब), तो ५८ म्हणजे पेशी फारच लहान आहेत. लहान पेशी आयर्न कमी असलं तरी होतात आणि थॅलेसेमिया मायनरमध्येही होतात, फरक कुठे पडतो बघा. घरात पीठच कमी असलं तर भाकऱ्या कमी होतात, एक मोठी एक लहान एक अर्धी अशा होतात, ते आयर्नच्या कमतरतेचं चित्र, म्हणजे पेशी कमी आणि आरडीडब्ल्यू वाढलेला. मायनरमध्ये भाकऱ्या लहान पण बऱ्यापैकी एकसारख्या आणि मोजायला गेलं तर नेहमीपेक्षा जास्तच. हिमोग्लोबिन कमी असूनही ५६ लाख पेशी, हीच ती खूण. एमसीव्हीला पेशींच्या आकड्याने भागायचं, ५६ लाख म्हणजे ५.६ दशलक्ष, म्हणून ५८ भागिले ५.६ म्हणजे १०.४. तेराच्या खाली आलं तर मायनरकडे बोट, तेराच्या वर तर आयर्नकडे. याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात, १९७३ पासून वापरात आहे. पण हे फक्त बोट दाखवणं आहे, यावर निदान लिहीत नाहीत, त्यासाठीच डॉक्टरांनी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजायची तपासणी, सांगितली.

एचपीएलसीमध्ये काय होतं ते सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं ही काहीतरी मोठी मोठी तपासणी आहे आणि मुलाचं भरपूर रक्त जाईल. जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये एक-दोन मिली रक्त, उपाशी राहायची गरज नाही, बस. त्यातला अगदी थोडा भाग मशीन घेतं, लाल पेशी फोडून आतलं हिमोग्लोबिन एका बारीक नळीत सोडतं, त्या नळीत असा पदार्थ भरलेला असतो की हिमोग्लोबिन त्याला चिकटून बसतं, मग हळूहळू खारटपणा वाढवत नेलेलं पाणी त्यातून जातं आणि ज्याची पकड कमी तो आधी सुटतो, ज्याची घट्ट तो नंतर. आमच्या मशीनवर आधी बाळांचं एफ येतं, मग अडीच मिनिटांच्या आसपास मोठ्यांचं ए, साडेतीन मिनिटांनंतर ए२, आणि सिकलचं एस असेल तर ते साडेचार मिनिटांच्या आसपास. सहा-साडेसहा मिनिटांत एक सॅम्पल होतं आणि कागदावर डोंगरासारखे उंचवटे उमटतात, प्रत्येक डोंगराखाली किती टक्के ते लिहिलेलं.

तुमच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये बघायचा तो ए२. एरवी तो दोन ते साडेतीन टक्क्यांमध्ये असतो, बीटा थॅलेसेमिया मायनरमध्ये चारच्या वर जातो, बहुतेकांचा पाच-सहाच्या आसपास. एक गोष्ट मात्र आवर्जून विचारा, फेरिटिन, म्हणजे शरीरातला आयर्नचा साठा दाखवणारी तपासणी, केलीय का? शरीरात आयर्न फार कमी असेल तर ए२ खाली ओढला जातो, आणि मायनर असलेलं मूल साडेतीनच्या आत येऊन नॉर्मल म्हणून घरी जातं. तुमचं पाच महिने सिरप झालंय, म्हणजे उलट आता तपासायची वेळ चांगली आहे. वयही चांगलं आहे, दोन वर्षांनंतर ए२ मोठ्यांसारखा स्थिर झालेला असतो. मायनर निघालं आणि फेरिटिन ठीक असलं तर आयर्न बंद, दुसरं औषधही नाही. फेरिटिन कमी असेल तर मात्र मायनर असलेल्या मुलालाही आयर्न द्यावंच लागतं, मायनर आहे म्हणून आयर्न कधीच नको असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

आणि सासूबाईंना एवढंच सांगा की वाहक माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, ऐंशी वर्षांचा होऊन जातो तरी कोणाला कळत नाही, म्हणून घराण्यात कोणाला नव्हतं असं आपण म्हणतो. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी समाजात हे जास्त सापडतं, पण माझ्या टेबलावर प्रत्येक जातीधर्माचे रिपोर्ट येतात. मुलाचं आलं की त्याच आठवड्यात तुम्ही आणि मिस्टर दोघांनीही करा. दोघांपैकी एकच वाहक निघालं तर प्रश्न मिटला. दोघंही निघालात तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात मेजर होण्याची शक्यता शंभरात पंचवीस, आणि ते दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. म्हणजे दिवस जाण्याच्या आधी माहीत हवं, नंतर धावपळ होते.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी गडचिरोली जिल्ह्यातून लिहितो. मुलाच्या आश्रमशाळेत नाही, साध्या झेडपीच्या शाळेत कॅम्प झाला, बोटातून रक्त घेतलं आणि मुलगा सिकलसेल पॉझिटिव्ह सांगितला. आम्ही आदिवासी नाही मग आम्हाला कसं काय? मुलगा ११ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो, त्याला काहीच त्रास नाही. आता त्याचं खेळणं बंद करू का? गावात लोक पोराकडे वेगळं बघायला लागलेत.

उत्तर : दादा, खेळणं बंद करू नका. तुमच्या पत्रात एक शब्द आहे, पॉझिटिव्ह, सगळा घोळ त्या शब्दाने झालाय.

कॅम्पमध्ये जी केली ती बहुतेक सोल्युबिलिटी टेस्ट असणार. एका छोट्या ट्यूबमध्ये द्रावण असतं, त्यात थेंबभर रक्त टाकतात, पाच मिनिटं थांबतात आणि मग ट्यूबच्या मागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरून आरपार बघतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर एस नाही. द्रावण गढूळ झालं, रेघा पुसल्यासारख्या झाल्या तर रक्तात एस हिमोग्लोबिन आहे, कारण ऑक्सिजन काढून घेतला की एस विरघळलेलं राहत नाही. आता यात नीट बघा, ही टेस्ट फक्त एवढंच सांगते की एस आहे. किती आहे ते सांगत नाही. आईबाबांपैकी एकाकडूनच एस आला असेल तो वाहक, एएस, त्याचीही ट्यूब गढूळ. दोघांकडून एस आला असेल तो ग्रस्त, एसएस, त्याचीही गढूळ. गढूळपणात फरक कळत नाही, कितीही अनुभवी टेक्निशियन असला तरी. जुनी स्लाइडवरची सिकलिंग टेस्ट असते, रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून काचेखाली पेशी कोयत्यासारख्या वाकताना बघायच्या, तिचंही हेच, ती दोघांतही पॉझिटिव्ह येते.

म्हणून या टेस्टनंतर इलेक्ट्रोफोरेसिस (हीसुद्धा हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) किंवा एचपीएलसी झालीच पाहिजे, सरकारी कार्यक्रमात ती मोफत आहे, तुमच्या पीएचसीत किंवा आशाताईंना विचारा की आमच्या मुलाचं कन्फर्मेशनचं सॅम्पल गेलं का आणि रिपोर्ट कुठाय. कॅम्पची यादी एकीकडे आणि कन्फर्मेशनचा कागद दुसरीकडे राहून जातो हे मी खूपदा बघितलंय, आणि मधल्या काळात घरचे लोक नुसत्या त्या एका शब्दावर वर्ष वर्ष काढतात, याचं मला फार वाईट वाटतं. कागद हातात घ्या. त्यावर ए ५५ ते ६० टक्के आणि एस ३५ ते ४० टक्के असं काहीतरी असेल तर मुलगा वाहक आहे. ए अजिबात नाही, एस सत्तर-ऐंशीच्या पुढे आणि उरलेलं एफ असं असेल तर ग्रस्त. ११ वर्षांचा, कबड्डी खेळणारा, कधी हातपाय दुखून रडला नाही, डोळे पिवळे नाहीत, हे वाहकासारखं वाटतं, पण माझ्या वाटण्याला किंमत नाही, कागद बघा. काही मुलं ग्रस्त असूनही दहा-बारा वर्षांपर्यंत फारसं काही दाखवत नाहीत, एफ जास्त असलं की तसं होतं.

अजून एक. वाहक निघाला आणि त्याचं हिमोग्लोबिन कधी आठ-नऊ आलं तर कोणालाही ते सिकलसेलच्या नावावर ढकलू देऊ नका. वाहकाचं हिमोग्लोबिन सिकलमुळे कमी होत नाही, तिथे जंत, आयर्न, बी१२ किंवा सोबतीला थॅलेसेमिया असं दुसरं कारण शोधावं लागतं.

आम्हाला कसं काय, याचं उत्तर. नागपूरमधून सिकलसेलच्या नोंदी १९५८ पासून आहेत, आणि विदर्भात हा कधीच फक्त आदिवासींचा आजार नव्हता, अनुसूचित जाती आणि ओबीसी समाजातही तो भरपूर आहे. ज्या ज्या भागात पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे एकच एस असलेली मुलं मलेरियातून जास्त वाचली, म्हणून तो एस त्या भागातल्या लोकांत टिकून राहिला. तुमच्या पणजोबांना कदाचित त्यानेच वाचवलं असेल. गावात कोणी काही बोललं तर हे सांगा. आणि मुलाला भावंडं असतील तर त्यांचंही सॅम्पल द्या, एकाच आईबाबांची मुलं पण प्रत्येकाचं वेगळं निघू शकतं.

प्रश्न : माझी भाची १ वर्षाची आहे. एकदम पांढरी पडली म्हणून ॲडमिट केलं, हिमोग्लोबिन ४ होतं, लगेच रक्त चढवलं. नंतर एचपीएलसी केली तर रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल आला. पण तीन आठवड्यांत परत हिमोग्लोबिन खाली येतंय. नॉर्मल आहे तर मग असं का?

उत्तर : कारण तो रिपोर्ट बहुतेक भाचीचा नाहीच, ज्याने रक्त दिलं त्याचा आहे.

हे मी माझ्या टेबलावर घडलेल्या गोष्टीवरून सांगते. एका ठिकाणाहून चौदा महिन्यांच्या मुलीचं सॅम्पल आलं होतं, ए ८२ टक्के, एफ १५, ए२ २.९. एफ जरा जास्त, बाकी ठीक. फॉर्मवर रक्त चढवलंय का हा रकाना रिकामा होता आणि तो रिकामा असूनही आम्ही सॅम्पल घेतलं होतं, ही आमच्या लॅबची चूक. सही करायच्या आधी सवयीने स्लाइड मायक्रोस्कोपखाली घातली. एकाच काचेवर दोन माणसांचं रक्त असावं तसं दिसत होतं. गोल, भरलेल्या, छान लाल पेशी, आणि त्यांच्या मधेमधे फिकट, वेड्यावाकड्या, काही मधे ठिपका असलेल्या चांदमारीच्या पाटीसारख्या, आणि काही पेशींत तर अजून केंद्रक शिल्लक, जे त्या वयात बाहेरच्या रक्तात दिसायला नको. फोन केला तेव्हा कळलं नऊ दिवसांपूर्वी दोन वेळा रक्त दिलंय. मी रिपोर्ट थांबवला, आईबाबांना बोलावलं, एकाचा ए२ ५.२ आणि दुसऱ्याचा ५.६. मुलीचं निदान थॅलेसेमिया मेजर, पुढे डीएनए तपासणीने पक्कं झालं. ती स्लाइड बघितली नसती तर माझ्या सहीने एक नॉर्मलचा कागद त्या घरात गेला असता.

दिलेल्या रक्तातल्या लाल पेशी दोन-तीन महिने अंगात फिरत राहतात, म्हणून एरवी आम्ही सांगतो की रक्त दिल्यावर किमान तीन महिने थांबून एचपीएलसी करा. पण तुमच्या भाचीला तीन महिने बिनारक्ताचं ठेवताच येणार नाही. मग रस्ता असा, उद्याच आईबाबा दोघांची एचपीएलसी आणि सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची मोजणी) करा, मुलीला पुढचं रक्त लागेल तेव्हा पिशवी लावायच्या आधी एक ट्यूब काढून ठेवायला सांगा, आणि डीएनएसाठी सॅम्पल पाठवा, ते लाल पेशींवर नाही तर पांढऱ्या पेशींवर होतं त्यामुळे रक्त दिलेलं असलं तरी सहसा अडत नाही. मुंबईत केईएमच्या आवारातली आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था, एनआयआयएच, आणि अशा कामाची सवय असलेल्या काही मोठ्या लॅब हे करतात, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आणि जे डॉक्टर किंवा सिस्टर हे सदर वाचत असतील त्यांना हात जोडून विनंती, हिमोग्लोबिन चार असलेलं मूल आलं की रक्ताची घाई असते हे मान्य, पण पिशवी लावायच्या आधी दोन मिली जांभळ्या ट्यूबमध्ये काढून फ्रीजमध्ये ठेवा. चार डिग्रीला ते आठवडाभर टिकतं. नंतर ती संधी मिळत नाही.

प्रश्न : मुलीच्या रिपोर्टवर एचबी क्यू इंडिया असं लिहून आलंय, गूगल करून घाबरलो. काही गंभीर आहे का?

उत्तर : नाही. हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीतला एक छोटा बदल आहे, सिंधी कुटुंबांत बऱ्यापैकी सापडतो, एकटा असताना त्याने काही होत नाही. ए२ किती आहे तेवढं बघा, सोबत बीटा थॅलेसेमिया मायनर नाही ना याची खात्री करा, आणि रिपोर्ट जपून ठेवा. पुढे कधी एचबीए१सी म्हणजे शुगरची तीन महिन्यांची सरासरी तपासली तर डॉक्टरांना हा कागद दाखवा, असल्या वेगळ्या हिमोग्लोबिनमुळे काही मशीनवर तो आकडा चुकू शकतो.

प्रश्न : हा प्रश्न कोणाला विचारू कळत नव्हतं. मी नाशिकची. मुलगी ३ वर्षांची, तिचा ए२ ५.१, थॅलेसेमिया मायनर सांगितलं. मग आमचे दोघांचे केले. माझा ए२ २.६, एमसीव्ही ८८. नवऱ्याचा ए२ ३.७, रिपोर्टवर बॉर्डरलाइन लिहिलंय. घरात एक जण म्हणाला दोघांपैकी कोणालाच नाही तर मुलीला आलं कुठून. तेव्हापासून घरातलं वातावरणच बदललंय.

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बॉर्डरलाइन म्हणजे नाही, असं कोणी ठरवलं? त्या माणसाने रिपोर्ट वाचताच येत नसताना वाचलाय.

साडेतीन ते चारच्या मधला ए२ म्हणजे अजून ठरलेलं नाही. मिस्टरांचं उत्तर त्या ३.७ च्या आत दडलेलं असू शकतं, आणि ते दडायला कारणं आहेत. बीटा थॅलेसेमियाचे काही सौम्य बदल असे असतात की ए२ फारसा वाढतच नाही. आयर्न कमी असेल तर वाढलेला ए२ खाली येतो, तुमच्या मिस्टरांना मूळव्याधीचा त्रास आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे रक्त जातं, म्हणजे आयर्न कमी असायला जागा आहे. आणि काहींना ए२ तयार करणाऱ्या जनुकातच सोबतीला बदल असतो, मग बीटाचा वाहक असूनही ए२ कमीच राहतो. शेवटचं हे, की मुलीचा ए२ पाचच्या वर का आणि बापाचा ३.७ का, याचं उत्तर यातल्याच एखाद्या कारणात असतं असं मी कितीतरी घरांत बघितलंय.

त्यांच्या सीबीसीचा कागद तुम्ही पाठवला नाहीत, तो आधी काढा. एमसीव्ही ८० च्या खाली आणि एमसीएच (एका पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन ते) २७ च्या खाली असेल तर संशय पक्का धरा. फेरिटिन आणि बी१२ करा, आयर्न कमी असेल तर दोन-तीन महिने भरून काढा आणि एचपीएलसी परत. बी१२ चं उलटं असतं, ते कमी असलं तर ए२ थोडा वर चढतो, शाकाहारी घरांत हे खूप दिसतं. आणि सॅम्पलची अदलाबदल झाली नाही ना हेही एकदा नव्याने रक्त देऊन बघाच, लेबल चुकणं अशक्य नाही. एवढं करूनही अडलं तर मुलीचं आणि बाबांचं डीएनए. आपल्या देशात बीटा थॅलेसेमियाचे पाच बदल असे आहेत की बहुसंख्य वाहकांत त्यांतलाच एखादा सापडतो, आयव्हीएस १-५ हा सगळ्यांत नेहमीचा, त्यामुळे लॅब आधी ते पाच शोधते आणि नाही मिळालं तर अख्खं जनुक वाचते. मुलीत जो बदल आहे तोच बाबांत मिळाला की विषय संपला.

पुढच्या बाळाची काळजी असेल तर तुमचे स्वतःचे आकडे, २.६ आणि ८८, वाहकाचे दिसत नाहीत, म्हणजे मेजरची भीती धरायचं कारण नाही. एचपीएलसी हे हिमोग्लोबिन मोजायचं मशीन आहे, बाप कोण हे सांगायचं नाही. हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर दाखवा.

प्रश्न : मी चंद्रपूरची आजी आहे, लेकीचं बाळंतपण माझ्याकडे झालं. लेक आणि जावई दोघंही सिकलसेल वाहक आहेत हे आम्हाला गरोदरपणात कळलं. नातू १२ दिवसांचा आहे, एकदम गुटगुटीत. काही जण म्हणतात सहा महिन्यांशिवाय तपासणी होतच नाही, काही म्हणतात लगेच करा. काय करू?

उत्तर : आजी, लगेच करा. सहा महिन्यांचं म्हणणाऱ्यांनीही हवेत सांगितलेलं नाही, फक्त ते वेगळ्या टेस्टबद्दल आहे. जन्मतः बाळाच्या रक्तात ६० ते ८० टक्के एफ असतं, पोटातलं हिमोग्लोबिन, आणि एस अगदी थोडं. त्यामुळे ती गढूळ होणारी सोल्युबिलिटी टेस्ट सहा महिन्यांच्या आत केली तर बाळ ग्रस्त असलं तरी ट्यूब स्वच्छ राहू शकते, आणि घरचे पेढे वाटतात. ती करूच नका. बाळाच्या टाचेला टोचून फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब घेतात किंवा छोट्या ट्यूबमध्ये, आणि नवजात बाळांसाठीची एचपीएलसी करतात, त्यात थोडंसं एसही वेगळं दिसतं.

रिपोर्टवर अक्षरं असतील, ज्याचं प्रमाण जास्त ते आधी. एफए आलं तर सिकल नाही. एफएएस, म्हणजे ए हे एसपेक्षा जास्त, तर बाळ आईबाबांसारखा वाहक. एफएस, ए नाहीच, तर ग्रस्त असण्याची दाट शक्यता, मग सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान परत एकदा तपासून पक्कं करायचं, पण उपचार तोवर थांबवायचे नाहीत. शंभरात पंचवीस ही शक्यता आहे, म्हणजे पंचाहत्तर वेळा तसं नसतं, हेही लेकीला सांगा. बाळाला आधी काही कारणाने रक्त चढवलं असेल तर ते मात्र फॉर्मवर लिहून द्या. थॅलेसेमिया मायनर आहे का हे मात्र या वयात कळत नाही, ए२ अजून तयारच व्हायचा असतो.

गुटगुटीत आहे कारण एफ त्याला सांभाळतंय. एफ कमी होत होत पाच-सहा महिन्यांनंतर एसचा अंमल सुरू होतो, आणि निदान आधी हातात हवं ते यासाठीच. ग्रस्त बाळाला दोन-तीन महिन्यांपासून रोज पेनिसिलीन सुरू करतात आणि पाच वर्षांपर्यंत देतात, न्यूमोकॉकस या जंतूवरची लस देतात. १९८६ साली अमेरिकेत सिकलसेलच्या लहान मुलांवर झालेल्या चाचणीत रोजच्या पेनिसिलीनने न्यूमोकॉकसचे गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले होते. आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. त्यावर विसंबू नका, नागपूर भागातल्या मुलांना चांगलाच त्रास होताना डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे.

देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, शून्य ते ४० वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची असं त्यात आहे, आणि हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं आयसीएमआरचं केंद्र तर तुमच्या चंद्रपुरातच आहे. जिल्हा रुग्णालयात आधी विचारा, नवजात बाळाचं सॅम्पल द्यायचंय आणि आईबाबा दोघंही एएस आहेत, अशा शब्दांत सांगा, दोघांचे जुने रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे कोणी सहा महिन्यांनी या म्हणणार नाही.

आणि एफएस आलंच, तर घरात बाळाला रोज अंघोळ कोण घालतं? तुम्हीच घालत असणार. मग डॉक्टरांकडून एक गोष्ट शिकून घ्या, पानथरी (प्लीहा, इंग्रजीत स्प्लीन) चाचपायची. बाळाला उताणं पायावर घ्यायचं, पोट सैल असताना उजव्या हाताची बोटं चपटी ठेवून बेंबीच्या डाव्या बाजूने हळूहळू वर डाव्या बरगडीकडे न्यायची, एरवी तिथे मऊ लागतं. बोटांना कडा लागली, आणि काल होती त्यापेक्षा आज खाली आलीय असं वाटलं, बाळ पांढरं आणि मलूल दिसलं, तर पानथरीत रक्त अडकलेलं असू शकतं, तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, त्याच पावली दवाखाना. ताप आला तरी तेच. रोज तेल लावताना हात फिरवायची सवय ठेवलीत तर फरक तुमच्या बोटांना सगळ्यांत आधी कळेल.